फांदीवरचा पहिला धागा

तीस मीटर उंच झाडावर दोराने चढायचं, तर दोर आधी वरच्या फांदीवरून गेलेला हवा; आणि तो तिथे नेऊन टाकायला आधी कोणीतरी वर चढलेलं हवं. हा पेच सोडवताना गेल्या पन्नासेक वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ, झाडांची निगा राखणारे आरोहक आणि हॅम रेडिओवाले (हौशी बिनतारी संदेशवाले) एकाच वस्तूकडे वळले: मासेमारीचं रीळ. गलोलीने किंवा धनुष्याने छोटं वजन फांदीपलीकडे मारायचं, त्याच्यामागे रिळातून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, सुटत जातो. मग तंगुसाला बारीक दोरी बांधून ओढायची, दोरीला त्याहून जाड दोरी, आणि शेवटी चढायचा दोर.

गळ टाकून गरवणाऱ्यांच्या घरी अशी रिळं पडून असतात. दांडी मोडलेली, मूठ सैल झालेली, खाऱ्या पाण्याने पांढरी पडलेली. त्यांना झाडावर चढण्याच्या कामाला लावता येईल का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. पण तो विचारताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. रिळाने पहिला धागा वर पोचवणं ही एक गोष्ट. रीळ, त्याची दोरी, त्याच्या कड्या किंवा मासेमारीचा पट्टा यांच्यावर माणसाचं वजन टाकणं ही दुसरी. पहिल्या कामासाठी जुनं रीळ उत्तम, बऱ्याचदा नव्याइतकंच उत्तम. दुसऱ्या कामासाठी नवं कोरं, महागडं रीळसुद्धा निकामी. या लेखात जे काही आहे ते या दोन वाक्यांच्या पुष्टीसाठी.

जंगलाच्या छताचा अभ्यास हे तसं तरुण शास्त्र. दोर घेऊन वर जाणारे येईपर्यंत शेंड्याकडच्या पानाफुलांबद्दलचं बरंचसं ज्ञान खाली पडलेल्या नमुन्यांवरून, तोडलेल्या झाडांवरून किंवा दुर्बिणीतून जमवलेलं होतं. १९७०च्या दशकात डोनाल्ड पेरी यांनी कोस्टा रिकातल्या ला सेल्व्हाच्या रानात आडव्या धनुष्याने झाडांवर दोरी टाकून वर जायला सुरुवात केली. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्गारेट लोमन पानांचं आयुष्य मोजायला निघाल्या. पान कधी फुटतं, किती दिवस जगतं, किडे त्याचा किती भाग खातात हे कळायला त्याच त्या फांदीवर पुन्हा पुन्हा जावं लागणार होतं. तयार साधनं जवळ नव्हती. त्यांनी मोटारीच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांतून स्वतः हार्नेस शिवला, गलोल घरीच बनवली आणि तिने तंगूस वर मारला. विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने शिवणकामाच्या आणि मासेमारीच्या सामानातून एक शास्त्र उभं राहायला हातभार लावला, याचं मला अतोनात कौतुक वाटतं.

त्याच सुमाराला पेरींकडून दोराने चढणं शिकलेल्या नलिनी नाडकर्णी (वडील भारतीय, जन्म अमेरिकेतला) यांच्या साधनात गलोल आणि मासेमारीचं रीळ एकाच दांडीवर बसवलेलं असे. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक पर्जन्यवनात मोठ्या पानांच्या मेपलवर चढून त्यांनी फांद्यांवरच्या शेवाळाचे जाड थर उचलून पाहिले. शेवाळाखाली साचलेल्या मातीत मुळं होती, आणि ती बांडगुळाची नव्हती, ऑर्किडची नव्हती, त्या मेपलचीच होती. झाडाने आपल्याच फांदीतून मुळं सोडून वरच्यावर अन्न शोषायची सोय केलेली होती. १९८१ मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. जमिनीवर उभं राहून हे कोणाला कळलं नसतं.

कॅलिफोर्नियातल्या रेडवुडांची गोष्ट आणखी उंच. त्यांची पहिली भक्कम फांदीच कित्येकदा दहा मजली इमारतीच्या वर असते. स्टीव्ह सिलेट आणि त्यांचे सहकारी तिथे बाणामागे तंगूस सोडतात. २००६ मध्ये सापडलेल्या ‘हायपेरियन’ या झाडाची ११५.५५ मीटर ही उंची सिलेट यांनी शेंड्यापर्यंत चढून, वरून फीत सोडून मोजली. आपल्याकडे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, कळक्काड-मुंडनथुराईच्या काकाची भागात टी. गणेश आणि सौभद्रा देवी यांनी १९९०च्या दशकापासून दोराने चढून सदाहरित झाडांच्या परागीभवनाचा अभ्यास केला. कुलेनिया या झाडाच्या फुलांवर वटवाघळांसारखे सस्तन प्राणी येतात आणि परागीभवनात भाग घेतात, हे त्यातून पुढे आलं.

आता रीळच का? वजनाचा हिशेब केला की उत्तर मिळतं. ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस मीटरला जेमतेम ०.११ ग्रॅम भरतो. तीस मीटरवरच्या फांदीवरून जाऊन पुन्हा जमिनीला टेकायला साठ मीटर लागतो, म्हणजे सगळा मिळून सात ग्रॅम. दोन मिलिमीटरची नायलॉनची दोरी घेतली तर तेवढ्याच लांबीचं वजन दीडशे ग्रॅमच्या घरात जातं. पन्नास ग्रॅमचं शिसं तंगूस सहज ओढून नेतं. दोरी ओढायला त्याला जमत नाही. फांदीपलीकडे पडल्यावर तर फरक आणखी ठळक होतो. खडबडीत सालीवर अर्धा वळसा घेतलेली दोरी घट्ट धरून बसते आणि हलकं वजन वरच लटकत राहतं. तंगूस गुळगुळीत आणि हलका, त्यामुळे शिसं आपल्याच भाराने खाली येतं.

वेगही लक्षात घ्यायला हवा. हवेचा विरोध सोडून दिला तरी तीस मीटर उंची गाठायला वजन सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेगाने सुटावं लागतं. त्या वेगाने धागा सुटताना तो सोडणाऱ्या वस्तूला फिरावं लागलं की घात होतो. फिरतं रीळ पतंगाच्या फिरकीसारखं स्वतःच्या आसाभोवती गरगरतं. वजन मंदावलं तरी ते फिरतच राहतं आणि धाग्याचं घरटं होतं. स्थिर रिळात तसं होत नाही. त्यात धागा रिळाच्या कडेवरून वेढ्यावेढ्याने निसटतो, रीळ जागचं हलत नाही. १९०५ मध्ये या रचनेचं पेटंट घेणारा आल्फ्रेड इलिंगवर्थ ब्रॅडफर्डचा कापड गिरणीवाला होता. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सुटतं ते त्याने रोज पाहिलेलं होतं.

झाकणबंद रिळाचं मूळही असंच अनपेक्षित जागी आहे. तेलविहिरींत फोडायचे वेळेचे बॉम्ब बनवणारी ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात होती. आर. डी. हल यांनी आणलेल्या नमुन्यावरून तिने १९४९ मध्ये पहिलं रीळ बनवलं, आणि पुढे तीच कंपनी झेबको म्हणून मासेमारांच्या घराघरांत पोचली. बटण दाबलं की पुढच्या भोकातून धागा सुटतो. काट्याकुट्यांच्या झुडपात, वारा असताना हे रीळ सोयीचं पडतं, कारण सैल वेढे आत राहतात. मात्र त्या छोट्या भोकाला घासून वेग थोडा मरतो आणि आत धागाही कमी मावतो. उंच झाडांसाठी मी उघडं स्थिर रीळच पसंत करतो. पंधरा मीटरच्या आतल्या आंब्या-जांभळाला झाकणबंद रीळ पुरतं.

जुनं रीळ या कामाला चालतं याचं कारण ते उघडून पाहिलं की उमगतं. मासेमारीत रीळ बाद होतं ते बहुधा ड्रॅगमुळे (जास्त ओढ आली की सरकून धागा सोडणारी यंत्रणा), दातेरी चाकांमुळे किंवा उलट फिरण्याला अटकाव करणाऱ्या खुंटीमुळे. ड्रॅगच्या वॉशर चिकटतात, गिअर घासून खडखडतात, मूठ मागेपुढे हलते. धागा वर मारताना यातलं काहीच कामाला लागत नाही. धागा अडवणारी तारेची कमान उघडी असते, धागा मोकळा सुटतो. लागते ती फक्त रिळाची कड. म्हणून तपासायची ती कड. बोटाचं नख तिच्यावरून पूर्ण गोल फिरवावं. कुठे खरखर लागली, दगडावर आपटून पडलेला बारीकसा खळगा लागला, तर तिथेच तंगूस अडेल आणि वजन धागा तोडून रानात जाईल. बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासलं की असा खळगा बहुतेक वेळा निघतो. दुसरी तपासायची गोष्ट कमानीची स्प्रिंग. मिठाने ती कुजलेली असेल तर मध्येच कमान बंद होते, आणि सुटलेलं शिसं झटक्याने माघारी येतं. अशा रिळाची कमान काढूनच टाकावी आणि धागा बोटाने धरावा. साध्या पाण्यात रात्रभर भिजवणं, दात घासायच्या जुन्या ब्रशने पांढरी पूड काढणं, शिलाई मशीनचं तेल देणं, एवढ्याने बाकीचं रीळ मार्गी लागतं.

जुना तंगूस मात्र ठेवू नये. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, आणि वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या तंगुसाला वेढ्यांची सवय लागते; सुटताना तो स्प्रिंगसारखा उड्या मारतो. नवा धागा भडक पिवळा किंवा केशरी घ्यावा, हिरव्या पानांत आणि आभाळापुढे दिसेल असा. विणलेला धागा अधिक बारीक आणि मजबूत असतो, पण तो साल कापतो आणि ओढणाऱ्याचा तळहातही. त्याच्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. साध्या तंगुसाचाही एक दोष जाणून घ्यायला हवा: तो ताणतो. शिसं बेळक्यात अडकलं म्हणून जोर लावून ओढलं, आणि ते अचानक सुटलं, तर ताणलेला तंगूस त्याला थेट ओढणाऱ्याच्या तोंडावर आणतो. डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला हेल्मेट हे जमिनीवर उभं असतानाच चढवायचं. शिशाऐवजी कापडी पिशवीत शिवलेली वाळू घेतली तर आणखी बरं. रानात हरवली तरी विष पसरत नाही.

धागा फांदीवरून खाली आला की रिळाचं काम जवळजवळ संपलं. इथून पुढे घाई नडते. तंगुसाच्या टोकाला दोन मिलिमीटरची दोरी बांधायची ती फुगीर गाठ न मारता. दोन्ही टोकं एकमेकांलगत ठेवून, आवळून, वरून इन्सुलेशन टेपचा निमुळता वेढा द्यायचा, म्हणजे ती गाठ सालीच्या भेगेत किंवा दोन फांद्यांच्या कोनात अडकत नाही. ओढायचं ते हातमोजे घालून, हाताने, मागे मागे चालत. रिळाच्या मुठीने ओढलं तर जुन्या गिअरचे उरलेले दात जातात आणि अडथळा कुठे आला तेही हाताला कळत नाही. बारीक दोरीच्या मागे चार-पाच मिलिमीटरची दोरी, तिच्यामागे चढायचा दोर. त्यानंतर दुर्बीण लावून फांदी नीट पाहायची: जिवंत आहे का, ढोली पडली आहे का, मनगटाहून बरीच जाड आहे का, दोर खोडाच्या जवळ बसला आहे की टोकाकडे. मग दोघांनी एकदम दोराला लोंबकळून भार द्यायचा. एकट्याने चढायच्या दोराला आधी दोघांचा भार द्यावा, ही रीत कोणी कितीही अनुभवी असला तरी मोडू नये.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. रिळाचा ड्रॅग पाहून काहींना वाटतं की ही तर तयार ब्रेकची व्यवस्था आहे. खोल समुद्रातलं मोठं रीळ घेतलं तर ते पडणाऱ्याला धरेल, किंवा निदान सावकाश खाली सोडेल. दिसायला ते कारखान्यांत वापरतात त्या स्वयंचलित सुरक्षा-दोराच्या डब्यासारखं असतंच. पण दोघांचा उद्देश नेमका उलटा आहे. ड्रॅग बनवलेला असतो सुटण्यासाठी. मासा जोरात ओढायला लागला की धागा तुटण्याआधी ड्रॅग सरकतो, आणि ओढ जितकी वाढेल तितका तो देत जातो. सुरक्षा-दोराच्या डब्यात वेग वाढला की खटके बाहेर येऊन दोर अडवतात. एक झटका आला की सोडणारं यंत्र, दुसरं झटका आला की धरणारं. बळकट ड्रॅगसुद्धा माणसाच्या वजनाइतकी ओढ सहसा धरत नाही, आणि पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

धाग्याचं गणित तर सांगायलाही नको इतकं उघड आहे. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस आठ-नऊ किलोला तुटतो आणि गाठीपाशी त्याहून लवकर. चढाईच्या दोरासाठी युरोपात जे ईएन १८९१ हे मानक आहे, त्यातल्या वरच्या प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या आसपास भार सोसावा लागतो. मासेमारीच्या कड्या, फिरक्या, हूक, मोठा मासा ओढताना कमरेला लावायचा पट्टा, या सगळ्यांची जागा या सीमेच्या अलीकडे आहे. तो पट्टा मांडीखालून आधार देत नाही; उलटं झालं तर माणूस त्यातून निसटतो.

हे ठासून सांगतो त्यामागे कारण आहे. पावसाळ्यापूर्वी शहरात फांद्या छाटायला चढणारी माणसं आपण सगळे पाहतो. कित्येकांच्या कमरेला साधी दोरी असते, पायांत काही नसतं, डोकं उघडं असतं. स्वस्तात साधन जमवण्याच्या नादात या माणसांच्या हातात अर्धवट युक्ती पडली तर जीव त्यांचा जाईल. जुन्या रिळाने वाचलेले पैसे प्रमाणित दोर, हार्नेस आणि हेल्मेटकडे वळवता आले, तरच या युक्तीला अर्थ आहे. सगळं नीट असतानाही झाड क्षमा करत नाही: २०१५ मध्ये ऑलिंपिक पर्जन्यवनातच नलिनी नाडकर्णी सुमारे १५ मीटरवरून कोसळल्या, मणके आणि बरगड्या मोडल्या. कित्येक दशकांचा अनुभव गाठीशी असताना हे घडलं.

आपल्या भागात ही पद्धत कुठे लागू पडते? नारळ-सुपारीला नाही. तिथे धागा टाकायला फांदीच नाही, आणि पाडेल्याच्या हातापायांतल्या कसबाला रिळाचा काही पर्याय होऊ शकत नाही. हापूस उतरवायलाही तिची गरज नाही. घळ आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, ते जमिनीवरून किंवा खालच्या फांदीवरून काम भागवतात. उपयोग आहे तो बेहडा, ऐन, किंजळ, जुना रायवळ आंबा अशा उंच, फांद्यांच्या झाडांवर. शेकरूची घरटी जवळून पाहणाऱ्यांना, धनेशाच्या ढोलीसमोर कॅमेरा लावणाऱ्यांना, ऑर्किडची नोंद ठेवणाऱ्यांना आणि शहरातल्या जुन्या वडा-पिंपळांची तपासणी करणाऱ्यांना.

पण सह्याद्रीत वर वजन मारण्याआधी आग्या मोहोळ पाहावं लागतं. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली ते लोंबत असतं आणि पानांआडून चटकन दिसत नाही. भरकटलेलं शिसं त्यावर बसलं तर पळायला वेळ मिळत नाही. झाड चारही बाजूंनी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय गलोल उचलू नये. दुसरा धोका विजेचा. तारेवरून गेलेला ओला धागा किंवा कार्बनची गळदांडी वीज वाहून आणते. जवळून उच्चदाबाची वाहिनी गेली असेल तर ते झाड या पद्धतीपुरतं बाद.

कायद्याचीही बाजू आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण, गळ, जाळी हे सगळं येतं, शिवाय प्राण्याला इजा करू शकणारं कोणतंही साधन. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. गलोल आणि रीळ पाठीवर असलेल्या अभ्यासकाला वनरक्षकाने अडवलं तर तो त्याचं कामच करत असतो. परवानगीच्या अर्जात ही साधनं नावानिशी लिहावीत.

सगळ्यात कमी बोललं जातं ते झाडात अडकून राहणाऱ्या तंगुसाबद्दल. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, कारण पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जात होते. संक्रांतीनंतर झाडांत लटकलेल्या घारी आणि वटवाघळं आपण पाहिली आहेत. तंगूस त्याच जातीचा धागा आहे. तो कुजत नाही, दिसत नाही, आणि घरटं बांधणाऱ्या पक्ष्याला तो काडीइतकाच उपयोगी वाटतो. झाड वाचवण्यासाठी वर चढणाऱ्याने त्याच झाडात फास सोडून यावा, हे मला सहन होत नाही. म्हणून धाग्यात कच्चा दुवा मुद्दाम ठेवावा: वजन आणि तंगूस यांच्यामध्ये वीतभर कमी ताकदीचा धागा. अडकलंच तर तो वजनापाशी तुटतो आणि बाकीचा सगळा धागा परत येतो.

रिळाला पर्याय आहेत. सरावलेला आरोहक तीन-चारशे ग्रॅमची पिशवी दोन मिलिमीटरच्या दोरीसकट हाताने पंधरा मीटरवर टाकतो, आणि तेवढ्या उंचीला ती पद्धत रिळापेक्षा बरी, कारण एक टप्पा कमी होतो. लांब दांडीच्या मोठ्या गलोलीने तीच पिशवी तीस मीटरपर्यंत जाते. अलीकडे ड्रोनने धागा नेऊन टाकतात. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही, पण दाट छतात पंखे पानांना लागतात आणि एवढासा ड्रोन उचलून उचलणार तो धागा तंगुसाइतकाच. म्हणजे ड्रोन आला तरी खाली रीळ लागतंच. हॅमवाल्यांना तर चढायचंच नसतं. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अँटेनाची वीस मीटरची तार दोन झाडांत उंच बांधली की झालं, त्यामुळे जुन्या रिळाचा सर्वांत निर्धोक उपयोग त्यांच्याकडे होतो.

एका मुद्द्यावर अभ्यासकांत खरा मतभेद राहतो. ज्या झाडावर पुन्हा यायचं आहे, तिथे धागा काढून न्यायचा की ठेवायचा? दर वेळी नव्याने वजन मारणं म्हणजे दर वेळी साल, पालवी आणि घरट्यांना धोका. ठेवायचं म्हटलं तर ऊन-पावसात दोरी झिजते. मला पटणारी रीत अशी: तंगूस कधीच ठेवू नये, चढायचा दोरही ठेवू नये, तीन-चार मिलिमीटरची गडद रंगाची पॉलिएस्टरची दोरी ठेवावी, दोन्ही टोकं खोडाशी माणसाच्या डोक्याहून उंच बांधून, खिळा न मारता. पावसाळ्यानंतर आल्यावर तिच्या भरवशावर थेट चढायचा दोर ओढू नये. आधी तिच्यामागे नवी दोरी ओढून घ्यावी, मग दोर. आणि शेवटच्या फेरीत ती दोरी काढून आणायची हे कामाच्या वेळापत्रकात पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं.